मिठाशिवाय आत प्रवेश नाही

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फ्रीजमध्ये उरलेल्या चटण्यांच्या वाट्या साठतात ना, तसे ते मागे मागे सरकत साठत जातात. एक दिवस दुसरंच काही काढायला दार उघडावं आणि सगळ्या वाट्या अंगावर याव्यात! परवा माझं तसंच झालं. सुनेचं पोट बिघडलं होतं. डॉक्टरांनी मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. ती तोंड वाकडं करत म्हणाली, "आई, साखर समजली. पण मीठ कशाला?"

"मीठ कशाला" एवढं ऐकलं आणि मी हसत सुटले. थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी आलं. बिचारी आपलं पोट विसरून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मला झालं काहीच नव्हतं, फक्त आमचं डिपार्टमेंट आठवलं होतं.

मी ग्वाल्हेरला कॉलेजात फिजिऑलॉजीची डेमॉन्स्ट्रेटर होते तेव्हाची गोष्ट. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता, आणि मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश. मध्यभारतात निदान थंडीपुरती राजधानी आमच्याकडे असायची, उन्हाळ्यात इंदूरला जायची. नवं राज्य झालं आणि ती बारमाही भोपाळला जाऊन बसली. तिच्यामागून ग्वाल्हेरचं काही ना काही रोज भोपाळला निघालेलं असे. आधी फायली गेल्या, मग साहेब गेले, मग साहेबांच्या खुर्च्या. राज्याचं एकीकरण एका दिवसात झालं, कचेऱ्यांचं मात्र वर्षानुवर्षं चालूच होतं.

आमच्याकडे नेण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गोगटे सरांची "आतड्याची खोली". तिच्यात गरम पाण्याचा हलता टब होता, ऑक्सिजनचा सिलिंडर होता आणि सोडियम मोजायचं फ्लेम फोटोमीटर होतं. सरांनी एकेक वस्तू भांडून, आर्जवं करून मिळवली होती. भोपाळच्या कॉलेजला ती खोली हवी आहे, एक कमिटी येऊन काय ते ठरवणार आहे, अशी बातमी आली आणि सरांची झोप उडाली. खोली गेली असती तर सरांचं सगळं आयुष्यच ट्रकमध्ये चढून गेलं असतं. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

सरांना वेड एकच. आपण डाळ खातो, दूध पितो. त्यातल्या प्रथिनांचे पोटात तुकडे होत होत शेवटी अमिनो आम्लं उरतात. ती बारीक आतड्याच्या भिंतीतून आत जातात कशी? तर बरीचशी एकटी जातच नाहीत! आपल्या मिठातलं जे सोडियम, ते त्यांचा हात धरतं आणि जोडीनं आत नेतं. सोडियम नसेल तर अमिनो आम्ल दाराशी ताटकळत उभं. विलायतेत हे नुकतंच कळू लागलं होतं, आणि सरांना ते ग्वाल्हेरात करून दाखवायचं होतं.

*

या प्रयोगासाठी उंदराच्या आतड्याचा तुकडा उलटा करावा लागे, आतली बाजू बाहेर. मग दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधून इवलीशी पिशवी करायची आणि अमिनो आम्लाच्या पाण्यात सोडायची. पिशवीच्या आत किती शिरलं ते नंतर बघायचं. ऐकायला सोपं आहे, पण उलटवताना आतडं हमखास फाटायचं.

आमचे लॅब असिस्टंट कदमजी. राहायला शिंदे की छावनीत. पूर्वज घोडदळात होते, त्यामुळे प्रत्येक काम ते लढाईवर निघाल्यासारखं करत. ते म्हणाले, ब्लाउजचे बारीक बंद उलटवणारा एक मास्टर महाराज बाड्याच्या बाजारात बसतो, त्याच्याकडे जाऊ. सर लगेच निघाले.

मास्टरनं दाखवलं. सुईत दोरा, दोरा बंदाच्या टोकाला, सुई बंदाच्या पोटातून पार, आणि हलकेच ओढायचं. बंद सुळकन उलटा झाला. सर इतके खूश झाले, की त्यांनी खिशातून बाटली काढली आणि तिच्यातला तुकडा मास्टरच्या हातावर ठेवला.

मास्टरनं तो चिमटीत धरला, उजेडात पाहिला, जरा ताणला. "साहब, माल कौन-सा है?"

सर तोंड उघडायच्या आत कदमजी म्हणाले, "विलायती."

मास्टरनं मान हलवली. "पलट तो जाएगा. पर धुलने पर सिकुड़ेगा."

खरं काय ते कदमजींनी त्याला पुढच्या वेळी सांगितलं. तेव्हापासून सरांचा कुठलाही कपडा शिवायला घेण्याआधी तो मास्टर त्याचा वास घ्यायचा.

*

सर वर्गात शिकवायचे ते गप्पा मारल्यासारखे. त्यांचं म्हणणं असं, की आतड्याच्या पेशीला दोन दारं असतात समजा. पुढच्या दारानं सोडियम अमिनो आम्लाला घेऊन आत येतं. मागच्या दारापाशी एक पंप असतो. तो आत आलेल्या सोडियमला धरधरून बाहेर काढतो, त्यासाठी स्वतः अन्न जाळतो, दमतो, पण थांबत नाही. म्हणून आत सोडियमची सदाची टंचाई, आणि टंचाई म्हणून पुढच्या दारानं पुन्हा सोडियमला आमंत्रण. या सगळ्यात अमिनो आम्लाचा फुकट प्रवास होतो.

एकदा हे सांगता सांगता सर रंगात आले. म्हणाले, ग्वाल्हेरचं तरी दुसरं काय झालं? मध्यभारत उभा करताना सगळ्यांचा हात धरून आत आम्ही आणलं, आणि मागच्या दारानं बाहेर कोणाला काढलं, तर आम्हालाच.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, तो फिर भोपाल क्या है?"

सर हातावरचा खडू झटकत म्हणाले, "पंप."

वर्ग बाकांवर आडवा झाला. पण सर न्यायी होते. त्यांनी लगेच बजावलं, की पंपावर चिडायचं नाही, तो बंद पडला तर सोडियमचं आत येणंही हळूहळू थांबेल. मुलांनी मात्र त्यातलं हवं तेवढंच लक्षात ठेवलं. त्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक पेपर तपासून झाल्यावर सरांना बाजूला घेऊन विचारत होते, की हा भोपाळ नावाचा शास्त्रज्ञ कुठल्या देशातला? अर्ध्या मुलांनी "भोपाल पंप" असं लिहिलेलं होतं.

*

माझ्या जोडीला दुसरे डेमॉन्स्ट्रेटर होते डॉक्टर दुबे. ते रीव्याचे, म्हणजे पूर्वीच्या विंध्य प्रदेशातले. मी मध्यभारतातली. दोन राज्यांच्या नोकऱ्या एकत्र झाल्या, पण आम्हा दोघांत सीनियर कोण ते काही भोपाळहून ठरून येईना. सीनियर माणसाला खिडकीजवळचं टेबल आणि सही करायचा मान मिळायचा. भांडण नको म्हणून आम्ही आपसात ठरवलं, एक दिवस ते सीनियर, एक दिवस मी.

इतकं सुरळीत चाललं होतं म्हणून सांगू! माझ्या दिवशी दुबेजी मला अदबीनं विचारत, "मॅडम, चाय मंगवा लूँ?" दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारायची. रविवार आला की गोंधळ व्हायचा, कारण रविवारची पाळी दुसऱ्याची धरून शनिवारचा सीनियर सोमवारी हक्क सांगायचा.

शेवटी एकदा सरांनी दोघांना बोलावून कुठल्याशा चुकीबद्दल झापायचं ठरवलं. आधी त्यांनी शांतपणे विचारलं, "आज सीनियर कोण?"

आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

*

सोडियमचा एक त्रास म्हणजे ते सगळीकडे असतं. फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत सोडियमचा कण गेला की ज्योत पिवळी होते आणि काटा उडी मारतो. आमच्या यंत्राचा काटा वेळीअवेळी उडायला लागला. सरांनी पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, आणि शेवटी कळलं, की कदमजी खारे दाणे खात खात बाटल्या पुसतात.

त्या दिवसापासून खोलीत मीठबंदी झाली. दाणे बंद, नमकीन बंद, लोणचं तर नावही काढायचं नाही. डबे व्हरांड्यात खायचे आणि हात धुऊनच आत यायचं. सगळं कॉलेज आम्हाला "अळणी डिपार्टमेंट" म्हणायला लागलं.

सर्वांत जास्त राग आला तो वहिनींना. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. सर विसरलेला डबा घेऊन त्या रोज यायच्या आणि आल्यासारखं सगळ्यांची खबर घेऊन जायच्या. त्या दिवशी त्यांचा डबा व्हरांड्यातच अडवला गेला. वहिनी दारातूनच म्हणाल्या, की आपल्यात ताटात सगळ्यात आधी मीठ वाढतात, आणि तुमच्या खोलीत त्यालाच मज्जाव?

सरांचे डोळे चमकले. "अगं, तेच तर मी सिद्ध करतोय. आधी मीठ, मग बाकीचं!"

"मग त्याच्यासाठी उंदीर कशाला मारायचे?" वहिनी म्हणाल्या. "मला विचारायचं."

वहिनींचा दुसरा खाक्या म्हणजे दृष्ट काढण्याचा. सरांनी रेडिओ आणला, तेव्हा रेडिओची दृष्ट काढली. दुबेजींनी स्कूटर घेतली, तेव्हा स्कूटरची. मुठीत मीठ-मोहऱ्या घ्यायच्या, वस्तूवरून ओवाळायच्या आणि विस्तवात टाकायच्या. दुबेजींकडेही राई-नोन, म्हणजे मोहरी-मीठ, उतरवायची पद्धत होती, पण स्कूटरची कोणी काढलेली त्यांनी पाहिली नव्हती. पुढे स्कूटर बंद पडली की ते गॅरेजच्या आधी वहिनींकडे जायचे.

*

साखरेची टंचाई होती तेव्हाची गंमत. चहा बिनसाखरेचा प्यावा लागत होता आणि सगळ्यांचे चेहरे तसेच झाले होते. ग्लायसीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. पांढरी पूड, चवीला गोड. आमच्याकडे त्याची मोठी बाटली होती. दुबेजींच्या मनात काय आलं असेल ते मी सांगायला नको.

चहा छान झाला. सरांनी दोनदा मागून घेतला आणि आज साखर कुठून पैदा केली म्हणून दुबेजींचं कौतुकही केलं. असं काही दिवस चाललं. मग एका सकाळी सर प्रयोगासाठी ग्लायसीन शोधायला लागले. बाटली तळाला गेलेली.

"कदम, ग्लायसीन गेलं कुठे?"

कदमजी अटेन्शनमध्ये उभे राहिले. "साहेब, गेलं तर आतड्यातच. बस, चूहे के नहीं गया."

दुबेजी टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं नाटक करत होते. मला वाटलं, आता वीज कोसळणार. सरांनी एकदा रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या कपाकडे.

"त्यात मीठ घातलं होतं का? नाही? मग सगळं फुकट गेलं."

*

अमिनो आम्ल आहे की नाही ते बघायला निनहायड्रिन वापरतात. टिपकागदावर थेंब टाकायचा, वर निनहायड्रिन, जरा शेकायचं. अमिनो आम्ल असेल तर डाग जांभळा होतो. पण आपल्या कातडीवरही अमिनो आम्लं असतातच. त्यामुळे निनहायड्रिन हाताला लागलं की काही वेळानं बोटं जांभळी होतात, आणि कितीही घासा, जात नाहीत.

निवडणूक आली. मी सकाळी सकाळी नीट साडी नेसून मत द्यायला गेले. अधिकाऱ्यानं माझं बोट पाहिलं आणि म्हणाला, "बहनजी, आप तो डाल चुकीं."

मी समजावलं, की ही शाई नाही, हे निनहायड्रिन आहे, ते कातडीतल्या अमिनो आम्लाशी संयोग पावतं. तो माणूस गंभीरपणे ऐकून घेत होता. सगळं ऐकल्यावर त्यानं विचारलं, की हे कुठल्या पार्टीवाले लावतात?

आमची हुज्जत चालू होती तेवढ्यात मागून गोगटे सर आले. मला सोडवायला म्हणून त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले. झाडून सगळी बोटं जांभळी. अधिकारी खुर्चीतून उठला आणि शिपायाला म्हणाला, "दरवाज़ा बंद करो. ये साहब तो सुबह से डाल रहे हैं."

*

कदमजींकडे गणपती बसायचा. गणपती घरात असेपर्यंत ते उंदराला हात लावत नसत. देवाचं वाहन ना! त्यामुळे भाद्रपदात आमचं संशोधन बंद, आणि उंदरांची चंगळ. कदमजी त्यांना घरून मोदक आणून घालत.

दुबेजींनी एकदा चिडवलं, की कदमजी, हे पांढरे उंदीर तर विलायती जातीचे, हे कुठे तुमच्या गणपतीचं वाहन? कदमजींनी विचार केला आणि म्हणाले, देव काय नुसता आपलाच आहे? भोपाळवाले जुन्या गाड्या काढून नव्या घेतात ना? देवानंही बदलली असेल.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेले, तर कदमजी पिंजऱ्यासमोर हात जोडून उभे होते.

"बाप्पा तर गेले," ते उंदरांना म्हणत होते. "आता गाडीनं ड्यूटीवर यावं."

*

आणि मग ती कमिटी आली.

कमिटीचे अध्यक्ष डॉक्टर देशकर. मूळचे नागपूरचे. वाटणीत नागपूर गेलं मुंबईकडे आणि नोकरीच्या हिशेबात देशकर आले मध्यप्रदेशाकडे. घर तिकडे, माणूस इकडे. त्यामुळे ते सहसा हसत नसत. त्यांच्याबरोबर भोपाळहून एक रिकामा ट्रकही आला होता. तो सकाळीच कॉलेजच्या फाटकात येऊन उभा राहिला.

सर आणि दुबेजी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. मी फाटकात थांबले. खोलीत एकटे कदमजी. टबात दोन फ्लास्क तयार होते, दोन्हींत अमिनो आम्ल घातलेलं. एका फ्लास्कच्या पाण्यात सोडियम, दुसऱ्यात त्याचा कणही नाही. दोन्हींत आतड्याची एकेक पिशवी सोडायची आणि कमिटीला दाखवायचं, की सोडियम असेल तर अमिनो आम्ल आत जातं, नसेल तर दाराशीच राहतं. एवढं नीट झालं की ही खोली काय काम करते ते त्यांना दिसणार होतं. दिवस माझ्या सीनियरपणाचा होता, म्हणून करून दाखवायचंही मीच.

मी पिशव्या सोडल्या. ठरलेला वेळ गेला. पहिल्या पिशवीतला थेंब मी कागदावर टाकला, शेकला. सुरेख जांभळा डाग! मग बिनसोडियमच्या फ्लास्कमधली पिशवी काढली. तिचा कागद जवळजवळ पांढरा राहायला हवा होता. तो जांभळा झाला. पहिल्यापेक्षाही गडद.

सरांचा चेहरा मला अजून दिसतो. ते नुसते कागदाकडे बघत राहिले. बाहेर ट्रकवाला दोर सोडत होता.

"गोगटे," देशकर म्हणाले, "तुमच्या सोडियमवाचून कोणाचं काही अडलेलं दिसत नाही."

असं म्हणून ते निघायला वळले आणि जाता जाता त्या फ्लास्कपाशी वाकले. त्यांनी चष्मा पुढे-मागे केला. ऑक्सिजनच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यात काहीतरी काळं, बारीक, गरागरा फिरत होतं.

"हे काय फिरून राहिलं आत?"

कदमजी छताकडे बघायला लागले. देशकरांनी चिमटा मागितला, ती वस्तू बाहेर काढली आणि तळहातावर घेतली. मग त्यांनी विचारलं, "दृष्ट कोणी काढली?"

मग कदमजींनी सगळं सांगून टाकलं. साहेब स्टेशनवर गेले आणि वहिनी मागच्या दारानं आल्या. मीठबंदी आहे म्हणून कदमजींनी अडवलं, तर म्हणाल्या, झाकून आणलंय. त्यांनी टबावरून ओवाळलं, फोटोमीटरवरून ओवाळलं, आणि मूठ हीटरवर रिकामी केली. "साहेब, असं तडतडलं," कदमजी म्हणाले, "की नज़र तो जबरदस्त थी." ओवाळताना मुठीतून काही निसटलं असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोहरी तरंगत राहिली होती, आणि तिच्याबरोबर पडलेला मिठाचा खडा पाण्यात केव्हाच विरघळून गेला होता.

सरांनी डोळे मिटून घेतले होते.

देशकरांनी कदमजींचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. "पुन्हा करा."

नवा फ्लास्क, नवं बिनसोडियमचं पाणी, नवी पिशवी. वेळ होईपर्यंत देशकर स्टुलावरून हलले नाहीत. चहासुद्धा त्यांनी नको म्हटलं. दरम्यान दुबेजी स्कूटरवरून वहिनींना घेऊन आले. त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, कारण मूठ पुन्हा बंद होती. लागलंच तर असावं म्हणून त्यांनी आणखी थोड्या मीठ-मोहऱ्या आणल्याच होत्या.

मी थेंब टाकला, कागद शेकला. पांढरा! नुसता कडेला जरासा जांभळट. मला ओरडावंसं वाटत होतं.

पण देशकर उठले नाहीत. त्याच पाण्यात त्यांनी आणखी एक पिशवी सोडायला सांगितली. मग वहिनींना आत बोलावलं, मूठ उघडायला लावली, आणि तिच्यातला एक खडा स्वतःच्या हातानं फ्लास्कमध्ये टाकला. पुन्हा वाट बघणं, पुन्हा थेंब. कागद जांभळाभोर झाला. देशकरांनी दोन्ही कागद खिडकीत शेजारी शेजारी ठेवले आणि बघत राहिले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"गोगटे, ही खोली उचलून मी तिकडे नेईन," ते म्हणाले. "पण ही माणसं कुठून आणू? ट्रक रिकामा जाऊ द्या."

सर चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मी तर सरळ रडले. दुबेजींनी मला रुमाल दिला, त्यालाही निनहायड्रिनचे डाग होते.

देशकर निघाले. दारापाशी वहिनी उभ्या होत्या. ती मोहरी अजून देशकरांच्या तळहातावर होती. त्यांनी ती वहिनींपुढे धरली.

"वहिनी, काम तर नुसत्या मिठानं झालं. मग मोहरी काहून?"

वहिनींनी पदर सावरला.

"मीठ त्या आतड्यासाठी. मोहरी तुमच्यासाठी होती."